दोन पिनांचा प्लग

८ जून, रविवार

लातूरहून आरतीचा फोन आला. आरती म्हणजे आमच्या मुलीची, मंजुषाची, होस्टेलातली मैत्रीण. आधी काकूंची तब्येत विचारली. मग म्हणाली, "काका, एकवीस ऑगस्टनंतर आमची कॉलेजं सुरू होतात. चोवीसला मंजूचा वाढदिवस. आम्ही सगळ्या जणी मिळून तिची गाणी म्हणणार आहोत. तेव्हा भेटायला आले होते, तिची गिटार घेऊन गेले होते ना, ती माझ्याकडंच आहे. अ‍ॅम्प तेवढा द्याल का?"

मी म्हणालो, देतो.

"त्याच्यात घूं असा आवाज यायचा काका. मंजू म्हणायची, सुट्टीत आप्पांकडून नीट करून आणते."

मी म्हणालो, करून ठेवतो.

फोन ठेवल्यावर बायकोनं, जगदेवीनं, विचारलं, कुणाचा. मी सांगितलं. ती ऐकून पुन्हा शेंगा फोडायला लागली.

मुलीला जाऊन आज एकोणचाळीस दिवस झाले. घरात आम्ही दोघंच. दोघांनाही एकच गोष्ट बोलायची असते, म्हणून कुणीच बोलत नाही. खताच्या दुकानदारानं दिलेली ही डायरी माझ्या पिठाच्या गिरणीच्या फळीवर कोरी पडली होती. शाळेत गुरुजी रोज पाच ओळी लिहून घ्यायचे. तेवढ्या सवयीवर लिहायला बसलो आहे.

११ जून, बुधवार

दुपारी लाईट गेली, गिरणी थांबली, तेव्हा गिटारीचा आवाज मोठा करणारी पेटी खाली काढली. मंजू तिला अ‍ॅम्प म्हणायची, मी पेटीच म्हणतो. मागच्या दिवाळीला ती एसटीत मांडीवर धरून घेऊन आली होती. कुणाची तरी वापरलेली. तिच्या खाटेजवळच्या बोर्डात पेटीचा प्लग बसेना. तीन पिनांचा होता, जाडा.

"आप्पा, मोठा बोर्ड बसवा ना."

"त्याला कशाला बोर्ड लागतोय," मी म्हणालो. प्लग कापला आणि दोन पिनांचा बसवून दिला. पाच मिनिटांचं काम. आमच्याकडं इस्त्री, कूलर, टीव्ही सगळं दोन पिनांवरच चालतं. गावात सगळ्यांकडंच तसं. भूकंपानंतरच्या या घराची वायरिंग मी माझ्या हातानं केली आहे, एकही बोर्ड जळालेला नाही.

मंजू हसली होती. म्हणाली होती, "आप्पांच्या हाताखालून गेलं की कुठल्याबी वस्तूला काळी टेप लागतेच." मग तिनं तार छेडली आणि जगदेवी पिठाचे हात घेऊन बाहेर आली. तिला वाटलं बाहेर ट्रॅक्टर आला.

आज त्या टेपेवर बोट ठेवून बसलो. नीट गुंडाळलेली आहे. कुठंही सुटलेली नाही.

एकदा ती म्हणाली होती, तारेला हात लागला की मुंग्या येतात. मी म्हणालो, चप्पल घालून वाजवत जा. चप्पल घातल्यावर येत नव्हत्या.

१६ जून, सोमवार

सकाळी शेतात जाऊन आलो. विहिरीच्या वरच्या अंगाला तिची समाधी आहे. आम्हा लिंगायतांत जाळत नाहीत, बसवून पुरतात. मठाच्या स्वामींनी तिच्या तळहातावर तिचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं होतं. तोच तळहात काळा पडला होता, ते स्वामींनाही दिसलं असणार. त्यांनी विभूती लावून पुढचा विधी केला.

लिहून ठेवायला पाहिजे म्हणून लिहितो. बसवजयंतीचा कार्यक्रम होता, देवळापुढं. मंडप, दिवे आणि माईक व्यंकटचा. व्यंकट म्हणजे शेजारच्या वाडीचा मंडपवाला, दहा वर्षं आमच्या गावात तोच करतो. मंजूनं पेटी आणि गिटार घरून नेली. स्टेजवर बसवेश्वर महाराजांचा फोटो होता, म्हणून तिनं पायातलं खाली काढलं. त्यांचं एक वचन बसून गायलं. दुसऱ्याला माईक जवळ ओढला. एक हात गिटारीच्या तारांवर, आणि ओठ माईकला लागले. आवाज मध्येच तुटला. लोकांना वाटलं सूर चुकला. तेवढ्यात ती पडली.

व्यंकटनं धावत जाऊन वायरी उपसल्या. मी तिला मांडीवर घेतलं. नंतर उठून व्यंकटला मारलं. किती मारलं ते मला आठवत नाही, लोकांनी सांगितलं.

शेदोनशे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, माईकला तोंड लागलं आणि मुलगी गेली. माईक व्यंकटचा. तसाच जबाब मी ठाण्यात दिला. त्याची माईकची मशीन ठाण्यात जमा झाली. आता त्याला लग्नाचा मंडपसुद्धा कुणी सांगत नाही. जगदेवी रोज दिवा लावताना त्याचं नाव घेऊन वाईटसाईट बोलते. मी तिला कधी थांबवलं नाही.

२ जुलै, बुधवार

पेटी उघडली. इतके दिवस स्क्रू काढून पुन्हा बसवत होतो.

आत मोठं काही नाही. एक ट्रान्सफॉर्मर, एक हिरवी पट्टी, आणि कोपऱ्यात भरपूर धूळ. धुळीत एक लांब केस होता. तो कागदात घालून पंचांगात ठेवला.

चालू केली तर घूं करते. टेस्टर घेऊन एकेक ठिकाणी लावत गेलो. सहज बाहेरच्या पत्र्याला लावला तर टेस्टर पेटला. चांगला लालभडक. गिटारीची वायर लावून तिच्या टोकाला धरला तर तिथंही पेटला. म्हणजे पूर्ण बॉडीत करंट.

मला वाटलं, माईकमधून इतका करंट आला की पोरीच्या अंगातून जाऊन तिची पेटीसुद्धा जाळली. हा पुरावा आहे. दोन महिने घरातच होता आणि मी उघडून पाहिला नाही.

फोनमध्ये पेटलेल्या टेस्टरचा फोटो काढून ठेवला. जगदेवीला दाखवला. ती म्हणाली, "जमादाराला दाखवा. सोडू नका त्या व्यंकटला."

५ जुलै, शनिवार

ठाण्यात जमादार म्हणाले, फोटोनं काही होत नाही आप्पा, जाणकार माणसाकडून लिहून आणा.

१४ जुलै, सोमवार

पेटी पोत्यात बांधून लातूरला नेली. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत ज्ञानोबा म्हणून रेडिओ-टेपच्या काळापासूनचा कारागीर आहे. आता जास्त करून बँडवाल्यांच्या मशिनी करतो. वयानं माझ्याएवढाच. चष्म्याला दोरी.

मी त्याला एवढंच सांगितलं, ओळखीच्या पोरीची पेटी आहे, मंडपात गाताना माईकचा करंट बसला, त्यानं बिघडली, तसं लिहून पाहिजे.

त्यानं पेटी उलटी केली, टेस्टर लावला, मग बॅटरीनं आत पाहिलं. मला म्हणाला, "इकडं या, बघा." वायर पत्र्यातून जिथं आत शिरते तिथं एक रबराची कडी असते. ती गळून गेली होती. पत्र्याची धार वायरीला घासून घासून आतलं तांबं उघडं पडलं होतं आणि पत्र्याला टेकलं होतं.

"हे एका दिवसाचं काम न्हाई," ज्ञानोबा म्हणाला. "सहा महिने तरी घासलंय. गाडीत हादरे बसले असतील. वाजवणाऱ्याला हाताला मुंग्या येत असणार. सांगितलं न्हाई कधी?"

मी पेटीचं पोतं घडी करायला लागलो.

"माईकातून करंट कशाला येतोय हो. पेटीचा पत्रा, वायरीतली जाळी अन् गिटारीच्या तारा, सगळं एकाला एक जोडलेलं. करंट तारांपर्यंत आलेलाच होता. त्याला जायला वाट पायजे. मंडपवाल्यानं अर्थ नीट दिला आसंल, म्हंजे वायर जमिनीत पुरली आसंल, तर माईक म्हंजे जमीनच की. हात तारेवर, तोंड माईकवर. बसला मधनं."

मी विचारलं, "मंडपवाल्यानं अर्थ दिला नसता तर?"

"तर कदाचित काय झालं नसतं त्या दिवशी. पण म्हणून त्याची चूक हाय व्हय? त्यानं बरोबर केलं. पेटीलाच अर्थ असता तर वायर पत्र्याला टेकल्याबरोबर फ्यूज उडाला असता. पेटी बंद पडली असती, इतकंच." मग त्यानं वायरीचं टोक हातात घेतलं. "अर्थाची तिसरी पिनच न्हाई याला. हे कुण्या शहाण्यानं बसवलंय?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

त्यानं टेपेवर नख मारलं. "बांधलंय मात्र झकास," म्हणाला आणि हसला.

लिहून देऊ का, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, नको. पैसे विचारले तर म्हणाला, बघितल्याचे कसले पैसे.

एसटीत पेटी मांडीवर घेऊन बसलो. निलंग्याकडची एक बाई शेजारी होती. तिनं विचारलं, यात काय हाय, जड दिसतंय. मी म्हणालो, पेटी.

१५ जुलै, मंगळवार

गिरणी उघडली नाही. लोक दळण ठेवून गेले.

१९ जुलै, शनिवार

ज्ञानोबाचं चुकलं असेल, असं चार दिवस मनाशी म्हणून पाहिलं. मग घरातल्या सगळ्या वस्तूंना टेस्टर लावत फिरलो. इस्त्रीच्या पत्र्याला थोडा पेटतो. कूलरला थोडा पेटतो. जगदेवीनं विचारलं, काय करलालाव सकाळपासून. मी म्हणालो, बघतोय.

गिरणीच्या मोटारीला मी अर्थ दिलेला आहे. लाईनमन तपासायला येतो म्हणून दिला. त्याच्यासाठी खड्डा घेतला, मीठ-कोळसा भरला, पट्टी पुरली. तिथून घर तीस पावलांवर आहे. तीस पावलं वायर ओढायची होती. सव्वीस वर्षांत ओढली नाही, कारण घरात तपासायला कुणी येत नाही.

सकाळी पूजेला बसतो. डाव्या तळहातावर लिंग घेऊन त्याच्याकडं एकटक पाहायचं असतं. माझ्या वडिलांनी शिकवलं, मी मंजूला शिकवलं. तिला लवकर जमलं होतं, मला अजूनही मन स्थिर करायला वेळ लागतो. आता तळहात पाहिला की तिचा दिसतो. तीन दिवस डोळे मिटूनच पूजा केली. ही पूजा होते की नाही मला माहीत नाही. स्वामींना विचारायचं धाडस नाही.

देवाला मी काही विचारलेलं नाही. त्याच्याकडं उत्तर असणार आणि ते मला ऐकायचं नाही.

एक विचार आला तोही लिहितो, कारण इथं खोटं लिहून काय करायचं. ज्ञानोबाला माझं नाव माहीत नाही. पेटी जाळून टाकली, आरतीला सांगितलं की दुरुस्त झाली नाही, तर कुणालाच काही कळणार नाही. व्यंकट दुसरा धंदा करेल. माणसं करतात. हा विचार मी दुपारभर केला.

२८ जुलै, सोमवार

श्रावणाचा पहिला सोमवार, उपास. घराच्या मागं खड्डा घेतला. छातीएवढा. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी. जगदेवी दारात उभी राहून पाहत होती.

"आता हे कशाला?"

"अर्थ देतोय घराला."

"आता?" ती म्हणाली. बाकी काही विचारलं नाही. मला वाटतं तिला दुसरंच काही तरी विचारायचं होतं.

मंजूच्या खाटेजवळ तीन भोकांचा मोठा बोर्ड बसवला. पेटीची जुनी वायर काढून टाकली. नवी घातली, रबराची कडी लावली, अर्थाची हिरवी वायर पत्र्याला पक्की आवळली. घूं कशानं येतो ते गेल्या आठवड्यातच सापडलं होतं, एक मोठा कॅपॅसिटर फुगला होता. नवा परवाच उदगीरला गेलो तेव्हा आणला होता. मनगट खाटेच्या लाकडाला टेकवून तो सोल्डर केला.

चालू केली. घूं आवाज नाही. टेस्टर लावला. पेटला नाही.

एकूण काम तीन तासांचं. खड्डा धरून.

४ ऑगस्ट, सोमवार

व्यंकटकडं गेलो. अंगणात मंडपाचे बांबू रचून ठेवलेले, त्यांच्यावर दोडक्याचा वेल चढला आहे. तो सोयाबीनच्या फवारणीवरून नुकताच आला होता, दुसऱ्याच्या शेतात मजुरीनं जातो. पाय धूत होता.

"या रामलिंगआप्पा," म्हणाला. पाय धुणं थांबवलं नाही.

मी उभ्यानंच सांगितलं. मला वाटलं होतं फार वेळ लागेल. पाच-सहा वाक्यांत झालं. शेवटी म्हणालो, "तुझा माईक चांगला होता. तू अर्थ दिला होतास. मी काढून टाकला होता."

व्यंकटनं तांब्या खाली ठेवला. "मला ठाव हाय."

मला समजलं नाही.

"वायरी मीच उपसल्या ना त्या दिवशी. पेटीचा प्लग हातात आला, दोन पिनीचा. मी बघितला. तितक्यात तुम्ही येऊन मारलाव."

"मग बोलला का नाहीस? ठाण्यात का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? लेकरू मांडीवर होतं तुमच्या."

त्याची बायको आतून येऊन दारात उभी राहिली होती. तिनं मला बस म्हटलं नाही. व्यंकट अंगोछ्यानं पाय पुसत राहिला. मग म्हणाला, "लई चांगला समजू नका मला. रोज वाटायचं, आज जाऊन तोंडावर सांगतो. दोनदा तुमच्या गिरणीपर्यंत आलो. एकदा जगदेवीवैनी एकट्याच पीठ चाळत बसल्या होत्या. परत गेलो. कोर्टाचा कागद आला असता तर मात्र सांगितलं असतं. मलाबी लेकरं हायती."

"मला मार," मी म्हणालो.

"मारून काय करू? माझी मशीन सोडवून आणा ठाण्यातनं. गणपती तोंडावर आलेत."

त्याची बायको म्हणाली, "अन् गावात सांगा. इथं अंगणात सांगून काय व्हतंय."

तिचं बरोबर होतं.

६ ऑगस्ट, बुधवार

ठाण्यात नवा जबाब लिहून दिला. जमादारांनी दोनदा विचारलं, नीट विचार केलाय का. मी सही करताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मशीन सोडायचा अर्ज व्यंकटकडून घेतला. माझ्यावर काही होईल का विचारलं तर म्हणाले, साहेब ठरवतील. परत येताना देवळापुढं माणसं बसली होती. तिथं उभं राहून सांगितलं. एक जण म्हणाला, आप्पा, आमच्याबी घरी दोन पिनीच हायत. मला धीर द्यायला म्हणाला असेल.

मग घरी आलो. गावाआधी तिला सांगायला हवं होतं. उलट झालं. घरात शिरताना पाय मागं ओढत होते म्हणून मी देवळापाशी थांबलो, हे खरं आहे.

जगदेवीनं सगळं ऐकलं. म्हणाली, "प्लग कुठाय तो?"

पेटीच्या जुन्या वायरीचा दोन पिनांचा प्लग मी काढून ठेवला होता. तिनं तो हातात घेऊन फिरवून पाहिला. बोटाच्या पेराएवढ्या दोन पिना. तिनं त्या दाबून पाहिल्या.

"ती म्हणाली होती तुम्हाला. मोठा बोर्ड बसवा म्हणून. मी चुलीपाशी ऐकलं होतं."

"हो."

"व्यंकटच्या लेकराबाळांना मी काय काय बोलले. रोज. लिंगासमोर बसून. तुम्ही ऐकत होतात."

"मला तेव्हा माहीत नव्हतं."

"चौदा तारखेपासून तर माहीत होतं."

मी तारीख मोजली. तेवीस दिवस ती बोलत होती आणि मी ऐकत होतो. तिनं प्लग खाटेवर ठेवला आणि उठून परसात गेली.

१३ ऑगस्ट, बुधवार

जगदेवी माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते. परवा व्यंकटच्या घरी जाऊन आली. तिथं काय झालं ते मला सांगितलं नाही. जाताना पिठाचा डबा घेऊन गेली होती, येताना डबा नव्हता.

दिवा लावताना आता ती काहीच म्हणत नाही. नुसती बसते.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आरती आली, बरोबर एक मैत्रीण. गिटार घेऊनच आल्या होत्या. मी फोनवर सगळं सांगितलं होतं, तरी आल्या. मला वाटलं होतं येणार नाहीत. आरती माझ्या पाया पडायला वाकली, मी मागं सरकलो.

पेटी मोठ्या बोर्डाला लावली. आरतीनं गिटार जोडून एक तार छेडली, हळूच. म्हणाली, "काका, घूं गेलं पूर्ण."

"थांब," मी म्हणालो. "आत्ताच नेऊ नको."

दारातल्या नळाचा लोखंडी पाइप जमिनीत गेलेला आहे, म्हणजे तोही त्या माईकसारखाच. गिटारीची वायर तिथवर पुरते हे मी आधीच पाहून ठेवलं होतं. चपला काढल्या. फरशीवर पाणी ओतून त्यात उभा राहिलो. आरतीला गिटार धरायला लावली नाही, स्टुलावर ठेवली. उजव्या मुठीत सगळ्या तारा धरल्या, डाव्या मुठीत पाइप.

"काका, नका ना," आरती म्हणाली. तिची मैत्रीण भिंतीला चिकटून उभी राहिली.

मी शंभरापर्यंत आकडे मोजले. मुंगीसुद्धा आली नाही. मग पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो. का ते सांगता येणार नाही. हात सोडवत नव्हता.

जगदेवी परसातून आली. मला वाटलं तशीच आत जाईल. पण ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. तारांवरची माझी बोटं तिनं एकेक करून उचलली, आणि माझा दुसरा हात पाइपवरून काढला. मला खांद्यानं बाजूला केलं. पायातली चप्पल काढून पाण्यात उभी राहिली आणि स्वतः दोन्हीकडं धरलं. माझं पाहून झालं होतं, मी तसं म्हणालोही. तिनं ऐकलं नाही. डोळे मिटून बराच वेळ उभी होती. माझ्याहून जास्त.

मग हात सोडले, पदराला पुसले आणि आरतीला म्हणाली, "न्या आता. मी बघितलंय."